नऊ खिडक्यांचं स्टेशन

पनवेल,
५ नोव्हेंबर १९६१

ती. एफ्राइमदादास अबीगेलचा शालोम.

बाबांचं आधी सांगते, म्हणजे तू बाकीचं पत्र घाईघाईने चाळणार नाहीस. ऑगस्टात झटका आला तेव्हा होते तसेच आहेत. उजवा हात, उजवा पाय गेलेलाच. खुर्चीत बसवलं की बसतात, घास भरवला की गिळतात. बोलण्यातला एकच शब्द उरलाय, ‘आण’. तहान लागली तरी ‘आण’, उशी टोचली तरी ‘आण’, शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावला की त्याच्याकडे बघूनही ‘आण’. डॉक्टर म्हणतात, त्यांना काही हवं असतं म्हणून तो शब्द येतो असं नाही, जिभेवर तेवढाच शिल्लक आहे. तरी मी आपली एकेक वस्तू नेऊन दाखवते. तांब्या, पंखा, चष्मा, प्रार्थनेचं पुस्तक. ते बघतात आणि मान फिरवतात.

आज मात्र वेगळंच झालं. वाळवी लागली म्हणून माळ्यावरचं सामान उतरवत होते. खाली पारू उभी होती. ही कातकरवाडीतली, आपल्याकडे मोळी टाकते. मी शाळेत शिकवायला जाते तेव्हा तीच बाबांजवळ बसते. वरून एक खोकं तिच्या हातात दिलं. तुला आठवेल. बाबा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये सुतार असताना तिथला साहेब विलायतेला परत जाताना त्यांना देऊन गेला होता ते. सुटे भाग जोडून आगगाडीचं छोटं स्टेशन करायचं. आपल्याला कधी हात लावू दिला नाही. झाकणावरचं चित्र दिसताच बाबा खुर्चीत पुढे सरकले. डावा हात झाकणावर ठेवला तो कितीतरी वेळ उचललाच नाही. पारू म्हणाली, “बाय, उघड की. म्हातारा वाट बघतंय.”

उघडलं आणि हिरमोड झाला. पातळ फळीच्या चार भिंती, चारही पापडासारख्या वाकलेल्या. त्यांच्यावरचा विटांचा छापील कागद सुटून लोंबतोय. छपराचा पुठ्ठा उंदरांनी खाल्लाय, फलाटाची एक बाजू वाळवीने. भिंतींना खिडक्यांसाठी नऊ भोकं आहेत आणि खोक्यात खिडक्या सहाच. कसं जोडायचं ते सांगणारा कागद म्हणजे नुसता भुगा.

दादा, आजारी पडल्यापासून बाबांनी प्रथमच कशाला तरी आपणहून हात लावला. मला हे जोडायचंय. पण बाबांनी हत्यारं धरायला शिकवलं तुला. मला पाटी-पेन्सिल दिली. काय करू ते सविस्तर लिही. आणि वल्हांडणाच्या सणापर्यंत तुझं येणं जमेल का तेही.

तुझी,
अबीगेल

---

बीरशेबा,
२६ नोव्हेंबर १९६१

चि. अबीगेलला आशीर्वाद.

अक्षर तुझ्या सिप्पोरावहिनीचं आहे, मजकूर माझा. कारखान्यात काम इतकं की लिहायला हात मोकळा नसतो. मी सांगतो, ती लिहिते.

खोकं उघडलंस! मी बारा वर्षांचा असताना बाबांना विचारलं होतं, हे जोडत का नाही? ते म्हणाले, “दिवसभर डब्यांच्या खिडक्या करतो. घरी येऊनही खिडक्याच करू?” संपलं.

आता नीट ऐक. भिंतींची आतली, बाक आलेली बाजू ओल्या फडक्याने दमट कर, भिजवू नकोस. दोन काचांमध्ये ठेव आणि वर पाटा ठेव. आठ दिवस हात लावायचा नाही. तुला आठ दिवस दम निघणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून दहा सांगतो. कागद ओढून काढू नकोस. वाफेवर धर, आपण सुटेल. परत लावायला कणकेची खळ कर आणि तीत चिमूटभर मोरचूद टाक, म्हणजे पुन्हा कीड लागणार नाही. लाकडाला लाकूड जोडायला सरस. तो पाण्यात भिजवून, भांड्यात भांडं ठेवून वितळवायचा, थेट चुलीवर नाही.

बाबांची हत्यारांची पेटी उघड. पितळी पाठीची करवत घे, बारीक कानस घे आणि मुख्य म्हणजे गुण्या घे. प्रत्येक कोपरा गुण्या लावून बघायचा. कोपरा काटकोनात नसेल तर पुढचं सगळं तिरकं जातं.

उरलेल्या तीन खिडक्या मी करून पाठवतो. भोकांचं माप पातळ कागदावर गिरवून पाठव. येण्याचं आत्ता कठीण दिसतं. सुट्टी मिळत नाही.

एफ्राइम

---

पनवेल,
२४ डिसेंबर १९६१

ती. दादास शालोम.

दहा नाही, बारा दिवस थांबले. तीन भिंती सरळ झाल्या, चौथी अजून हट्टी आहे. सरस दोनदा करपला, सगळ्या आळीला वास गेला. तिसऱ्यांदा करायचं धाडस झालं नाही तेव्हा पारूने रानातला डिंक आणून दिला. तो छान धरतो. खिडक्यांच्या जुन्या काचा, म्हणजे त्या कचकड्याच्या, पिवळ्या पडून तडकल्यात. डॉक्टरांकडून एक्स-रेची टाकाऊ फिल्म मागून आणली. सोड्याच्या गरम पाण्यात चोळली की वरचं काळं निघून जातं आणि काचेसारखी होते. हे मी माझ्या डोक्याने शोधलं, शाबासकी हवी.

रोज संध्याकाळी बाबांच्या समोर टेबल ओढते आणि काम करते. ते एकटक बघतात. पण एक गोष्ट मला उलगडत नाही. परवा दोन भिंती जोडून उभ्या केल्या. बाबांनी डाव्या हाताने त्या सरळ ढकलून दिल्या. खाली पडून सांधा निखळला. “आण,” म्हणाले. मी डिंक आणला. “आण!” मी तिसरी भिंत आणली. त्यांचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी काय चुकते आहे, दादा? शाळेत पन्नास मुलींच्या मनातलं मला कळतं आणि घरात एका माणसाचा एक शब्द कळत नाही.

हत्यारांचं विचारू नकोस. भाजीच्या सुरीने भागतंय.

खिडक्यांची मापं सोबत आहेत. प्रत्येक खिडकी आगपेटीएवढी, मध्ये एक उभी पट्टी, एक आडवी. पारू पुढच्या आठवड्यात नवऱ्याबरोबर कल्याणकडे वीटभट्टीवर जाईल, ती पावसाच्या तोंडाशी परत. मग बाबांजवळ कोण बसणार हे अजून ठरलेलं नाही.

अबीगेल

---

बीरशेबा,
२२ जानेवारी १९६२

चि. अबीगेलला आशीर्वाद.

उशीर झाला. खिडक्यांचं काम चालू आहे. एक्स-रेच्या फिल्मबद्दल शाबास.

बाबा ढकलतात कारण तू आधी भिंती उभ्या करतेस. आधी तळ. फलाट आणि तळ पक्का झाल्याशिवाय भिंत उभी करणारा सुतार बाबांच्या हाताखाली एक दिवस टिकला नसता. आणि सुरी काय म्हणून? पेटी उघड म्हटलं ना.

एफ्राइम

---

पनवेल,
११ फेब्रुवारी १९६२

दादा,

तुझं पत्र पाच महिन्यांनी आल्यासारखं आलं आणि त्यात दहा ओळी. त्याही वहिनींच्या अक्षरात. आगपेटीएवढ्या तीन खिडक्या. तू दहावीत असताना आईच्या पानाच्या डब्याला दुपारभरात जाळीचं झाकण केलं होतंस. आणि आता दोन महिन्यांत तीन चौकटी होत नाहीत? करायच्या नसतील तर तसं लिही. मी भोकांवर कागद चिकटवीन.

आधी तळ केला. तुझ्या सांगण्याप्रमाणे. बाबांनी तोही ढकलला.

इथलं तुला कळावं म्हणून लिहिते. पारू गेली. दुसरं कोणी मिळालं नाही. सकाळी बाबांना खाऊ घालते, स्वच्छ करते, खुर्चीत बसवते, कमरेला धोतर बांधते म्हणजे घसरणार नाहीत, आणि बाहेरून कडी लावून शाळेत जाते. मधल्या सुट्टीत धावत येते. पुन्हा कडी लावते. कडी लावताना आतून ‘आण’ ऐकू येतं आणि मी तशीच जाते. हे मी करते, दादा. मी.

पाठीला जखम झाली आहे. मी एकटी त्यांना कुशीवर वळवू शकत नाही. शेजारचे एकदा येतात, दोनदा येतात.

तू ये. पंधरा दिवस ये. खिडक्या राहू देत.

अबीगेल

---

बीरशेबा,
१ मार्च १९६२

प्रिय अबीगेलवन्सं,

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते. तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं. यांनी ऐकलं, उठून बाहेर गेले आणि रात्री जेवले नाहीत. आता गप्प बसणं मला जमणार नाही.

वन्सं, यांचा उजवा हात गेल्या सप्टेंबरात रंध्याच्या मशीनमध्ये गेला. अंगठा आणि लगतची दोन बोटं नाहीत. दोनदा ऑपरेशन झालं. मामंजींना झटका आल्याची तार आली त्यानंतर बरोबर एका महिन्याने. तेव्हाच मी कळवते म्हणाले, तर हे म्हणाले, “तिच्या एका हातात बाबा आहेत, दुसऱ्या हातात मी कशाला?” कारखान्याने नोकरी ठेवली, पण सुतारकाम नाही. गोदामात खिळ्यांचे डबे मोजायला बसवलंय.

तुमचे मापांचे कागद आले त्या दिवसापासून रोज जेवण झालं की हे डाव्या हातात करवत घेऊन बसतात. संत्र्याच्या खोक्याच्या फळ्या आणल्यात. कापतात आणि मोडतात. मी तुकडे झाडून टाकते. तुम्ही त्यांना आळशी म्हणू नका एवढ्यासाठी लिहिलं.

यांना कळलं तर मला काय म्हणतील ते मी बघून घेईन.

तुमची वहिनी,
सिप्पोरा

---

पनवेल,
१८ मार्च १९६२

ती. वहिनींस शालोम.

पत्र दारातच फोडलं. कडी काढायची विसरून तशीच उभी राहिले.

तुम्ही खरं लिहिलंत, आता मलाही लिहायला हवं. हे दादाला वाचून दाखवा. मी तोंडाने सांगू शकले नसते, बरं झालं तो लांब आहे.

दादा, हत्यारांची पेटी घरात नाही. मी देऊन टाकली. सप्टेंबरात डॉक्टरांनी सांगितलं, हात परत येणार नाही. पेटी समोरच्या कोपऱ्यात होती. बाबा दिवसभर तिच्याकडे बघत बसायचे. मला ते बघवेना. वाटलं, नजरेसमोरून गेली तर विसरतील. बाबांना झोप लागली असताना बळीरामला बोलावलं. बैलगाड्यांची चाकं करणारा, बाबांना काका म्हणतो तो. म्हटलं, वापर, गंजायला नकोत. तो नको नको म्हणत होता. मीच त्याच्या खांद्यावर ठेवली.

बाबा जागे झाले. कोपऱ्याकडे बघितलं. ‘आण’ हा शब्द त्यानंतरचा की आधीचा, हे मी इतक्यांदा आठवून पाहिलं आहे की आता मला काहीच आठवत नाही.

आणि हेही तुला कळायला हवं. मागच्या मंगळवारी मधल्या सुट्टीत आले तर खुर्ची रिकामी. बाबा जमिनीवर होते. धोतराची गाठ सोडवून, एका हाताने अंग ओढत त्या कोपऱ्यापर्यंत गेले होते. पेटीखालची जमीन काळी राहिली आहे, चौकोनी. त्यावर हात ठेवून पडले होते. दंड सोलवटला होता.

तू लिहीत होतास, पेटी उघड, पेटी उघड. मी सुरीचं कौतुक सांगत होते.

आता तू काय म्हणशील ते म्हण. तुझ्या हाताबद्दल मला काय लिहावं ते सुचत नाही. मी तुला कागद चिकटवीन म्हणाले होते.

अबीगेल

---

बीरशेबा,
५ एप्रिल १९६२

अबीगेल,

ती हत्यारं तुझी नव्हती. माझीही नव्हती. माणूस जिवंत असताना त्याची हत्यारं उचलून देतात? पितळी पाठीची करवत बाबांनी पहिल्या पगारात घेतलेली. मी इकडे निघालो तेव्हा ती मागितली होती, मला दिली नाही. म्हणाले, मी मेल्यावर ने. आणि तू ती बैलगाडीवाल्याच्या खांद्यावर ठेवलीस.

जा आणि परत आण. काहीही सांग, पाया पड. पण आण.

एफ्राइम

वन्सं, हे सांगत होते तसं लिहिलं. सांगून झाल्यावर म्हणाले, फाडून टाक. मी फाडलं नाही, कारण दुसरं पत्र यांच्याने होणार नाही. मनावर घेऊ नका. रडत होते. – सिप्पोरा

---

पनवेल,
६ मे १९६२

ती. दादास शालोम.

मनावर घेतलं. घ्यायलाच हवं होतं.

बळीरामचं दुकान बंद होतं. होडीच्या कामासाठी गावी जासईला गेलाय असं कळलं. वल्हांडण संपल्यावर उरणच्या एस.टी.ने गेले. खाडीच्या काठी एक होडी उलटी घालून तो तिच्या पोटाशी बसला होता. मला बघून उठला. मी बोलायच्या आधीच म्हणाला, “काका गेलं काय?”

“नाही,” म्हटलं. “पेटी मागायला आले.”

त्याने हातातलं हत्यार खाली ठेवलं. मग म्हणाला, “तवाच बोललो व्हतो तुमाला, नको म्हनून. आमी काय हातियारं न्यायला आलो नव्हतो. पन तुमी रडत व्हत्या.” आणि पेटी काढून दिली नाही. “मीच येतो. तुमच्या हातून नको. काकांनी मला बघितला पायजेल.”

मागच्या रविवारी आला. पेटी डोक्यावर. दोन पटाश्या नव्हत्या, जासईत कोणाला दिल्या होत्या, त्या आणून देतो म्हणाला. करवत होती, गुण्या होता. बाबांच्या पायाशी बसून त्याने एकेक हत्यार त्यांच्या डाव्या हातात दिलं. “काका, ही पटाशी. काका, हा रंधा. करवतीला धार काढलीय बघा.” बाबा प्रत्येक हत्यार हातात घेऊन वळवून बघत होते. मी भिंतीला टेकून उभी होते. आता कळेल, आता शांत होतील, असं मनात म्हणत होते.

शेवटी गुण्या दिला. तो त्यांनी मांडीवर ठेवला, परत दिला नाही. मग माझ्याकडे बघितलं.

“आण,” म्हणाले.

दादा, सगळं समोर होतं. पेटी, खोकं, स्टेशन, बळीराम. आणखी काय आणू? बळीरामला मी विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, “मला कसा कळंल, बाय? मी चाकावाला.” त्याने चहासुद्धा घेतला नाही, तोंड धुऊन निघून गेला.

कदाचित डॉक्टर म्हणतात तेच खरं आणि त्या शब्दाला अर्थच नाही. कदाचित आहे आणि मी जन्मात ओळखणार नाही. मी दोन्ही धरून चालते. पेटी कोपऱ्यात आहे, तिच्या जागी.

तळ आणि तीन भिंती मी करवतीने, गुण्या लावून पुन्हा केल्या. या वेळी बाबांनी ढकलल्या नाहीत. चौथी फळी फुगून फुटली, ती नवी करावी लागेल.

अबीगेल

---

बीरशेबा,
२० मे १९६२

अबी,

ही एक. डाव्या हाताने केली. हे अक्षरही डाव्याच हाताचं, म्हणून एवढंच. बाबांना दाखव.

एफ्राइम

---

पनवेल,
१२ जून १९६२

ती. दादास शालोम.

चहाच्या डब्यातून, कापसात गुंडाळलेली खिडकी परवा सुखरूप आली. मोडली नाही. मी ती तळहातावर घेऊन बराच वेळ बसले होते. इतकं लहान लाकूड तू एका हाताने धरलंस कसं आणि कापलंस कसं?

पारू परत आली आहे. काळवंडलीय, भट्टीवर ताप काढला म्हणे, पण आल्या दिवशीच बाबांना कुशीवर वळवलं आणि पाठ बघून मला चांगलीच झापली. “पान्यानं पुसून काय व्हतंय? हवा लागाय पायजे.” तिच्यासमोरच मी खिडकी बाबांच्या डाव्या हातात दिली. मोठ्याने सांगितलं, “बाबा, एफ्राइमने केली.” तुझ्या हाताचं काही सांगितलं नाही.

आता जे झालं ते मी गोड करून लिहिणार होते. तसं एक पत्र लिहूनही झालं होतं. ते फाडलं. आपण दोघांनी लपवालपवी पुष्कळ केली.

बाबांनी खिडकी डोळ्यांजवळ नेली नाही. अंगठा फिरवला. वरची पट्टी, उजवी, खालची. डाव्या खालच्या कोपऱ्याशी अंगठा थांबला. मागे गेला, पुन्हा तिथे आला, पुन्हा थांबला. मग त्यांनी खिडकी खुर्चीच्या हातावर ठेवली आणि एका बोटाने, हळूच, माझ्याकडे सरकवली. आणि मान हलवली. नाही म्हणून.

मी गुण्या लावला. कोपरा खरंच बाहेर होता, दादा. केसभर. माझ्या डोळ्यांना दिसतही नव्हता.

तुला हे वाचून काय होईल याची मला भीती वाटते. पण ऐक. या वेळी ते ‘आण’ म्हणाले नाहीत. काहीच म्हणाले नाहीत, नुसती मान. आणि ते काय म्हणताहेत ते मला सरळ, पहिल्या खेपेला कळलं. दहा महिन्यांत एवढं एकदाच. मी त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं. पारूला वाटलं मी वाईट वाटून रडते आहे.

अबीगेल

---

पनवेल,
१ जुलै १९६२

ती. दादास,

बाबा बुधवारी, २७ जूनला सकाळी गेले.

मी शाळेत होते. पारू जवळ होती. तिने पेज भरवली, तोंड पुसलं, पाणी दिलं. एक घोट घेतला आणि मान टाकली. मी तिला विचारलं, काही म्हणाले का? “नाय बाय,” म्हणाली. “कायच नाय. माज्याकडं बघितला आन् गेला.” तिने मला बोलवायला कोणाला पाठवलं नाही. स्वतः धावत शाळेत आली, वर्गाच्या दारात उभी राहिली. तिला तिथे बघितल्यावर विचारायचं काही उरलं नाही.

इथे आता आपली यहुदी पुरुषमाणसं आठच उरली आहेत. बाकी सगळे तिकडे तुमच्याकडे निघून गेले. प्रार्थनेला दहा हवीत. त्या आठांतलेच मनासेकाका भर पावसात पेणला जाऊन दोघांना घेऊन आले. तोवर बाबा घरात चटईवर होते आणि दारात बळीराम, पारूचा नवरा, शाळेचा शिपाई, शेजारपाजारचे, पंधरा-वीस माणसं उभी होती. माणसं होती, मोजता येणारी दहा नव्हती. चार वाजता नेलं. मुलाने म्हणायची कद्दीशची प्रार्थना मनासेकाकांनी म्हटली.

तुला तार करायला पोस्टात गेले होते. फॉर्म घेतला, नाव-पत्ता लिहिला. पुढे तीन शब्द लिहायचे होते. तू गोदामात डबे मोजत असशील आणि कोणीतरी ते तीन शब्द तुझ्या हातात देईल, हे डोळ्यांपुढे आलं. तू मातीला पोचणार नव्हतासच. फॉर्म घडी करून घरी आणला. चुकलं असेल. हे पत्र पोचायला बारा दिवस लागतील. ते बारा दिवस तुझ्या घरी बाबा आहेत. मी ते तुला दिले असं समज, किंवा तुझ्यापासून चोरले असं. मला माझंच कळत नाही.

स्टेशनाला मी हात लावलेला नाही. आज शोकाचे सात दिवसही पुरे झालेले नाहीत.

अबीगेल

---

बीरशेबा,
४ जुलै १९६२

माझी अबी,

हे सगळं पत्र मी माझ्या हाताने लिहितो आहे. चार दिवस लागले. वाचता आलं नाही तर दिव्याजवळ धर.

तुझं १२ जूनचं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं. सिप्पोरा वाचता वाचता थांबली, तिला वाटलं मला लागेल. मी म्हटलं, पुढे वाच. मग म्हटलं, पुन्हा वाच. अंगठा थांबला तिथपासून. अबी, मी हसलो. सप्टेंबरानंतर पहिल्यांदा मी या घरात मोठ्याने हसलो. सोळाव्या वर्षी मी पहिली चौकट करून बाबांना नेऊन दिली होती. त्यांनी असाच अंगठा फिरवला आणि चौकट सरपणात टाकली. एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला उठवून त्यांच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेले.

कोपरा बाहेर होता हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, आता कोण बघतंय. बाबा बघताहेत.

दुसरी केली आहे. या वेळी लाकूड शेगड्याच्या लोखंडी पकडीत आवळून धरलं आणि करवत अंगाशी घट्ट ठेवून सगळं अंगच पुढेमागे केलं. उजव्या हाताची उरलेली दोन बोटं पट्टी दाबून धरायला पुरतात, हे कळायला मला इतके महिने लागले. चारही कोपरे गुण्याला लागतात. कारखान्यातल्या म्हाताऱ्या मेस्त्रीला दाखवली, तो म्हणाला, चांगली आहे. पण त्याच्या म्हणण्यावर माझा भरवसा नाही.

उद्या पोस्टात टाकतो. बाबांना माझ्या हाताचं आता सांग. आधी खिडकी दे, मग सांग. उलटं नको, नाहीतर दया करतील. दया करणारे नाहीत म्हणा.

त्यांच्या डाव्या हातात दे आणि अंगठा कुठे थांबतो ते नीट बघ. थांबला तर मला लपवू नकोस. मी तिसरी करायला घेतो.

तुझा दादा,
एफ्राइम